पाण्यातला पारा आणि जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"जिवाणूंनी पाण्यातला पारा काढला" अशी बातमी दर दोन-चार वर्षांनी कुठेतरी छापून येते. मग ओळखीचे लोक, विद्यार्थी, कधी एखाद्या गावातले मासेमार मला तेच तेच प्रश्न विचारतात. पारा सोसणाऱ्या जिवाणूंवर मी प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलं. त्यामुळे या विषयाबद्दल मला आशाही आहे आणि काळजीही. उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान.

जिवाणू पारा खाऊन टाकतात, हे खरं आहे का?

नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. मैला, तेल, साखर यांचे रेणू जिवाणू तोडतात, त्यातून स्वतःला लागणारी ऊर्जा काढतात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. पारा हे मूलद्रव्य आहे, त्यात तोडण्यासारखं काही नाही. तळ्यात एक ग्रॅम पारा गेला, तर शंभर वर्षांनीही तो कुठे ना कुठे एक ग्रॅमच असणार: पाण्यात, गाळात, हवेत किंवा माशाच्या अंगात.

जिवाणू दोनच गोष्टी करू शकतात. पाऱ्याचं रूप बदलू शकतात किंवा त्याला धरून ठेवू शकतात. हे ऐकून लोकांचा हिरमोड होतो, पण व्हायला नको. पारा किती विषारी, हे त्याच्या रूपावरच ठरतं.

पाऱ्याची रूपं म्हणजे नेमकं काय?

थर्मामीटरमधला चकचकीत पारा म्हणजे मूळ धातू. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण साध्या तापमानालाही त्याची वाफ होत राहते. दुसरं रूप आयनाचं, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला पारा. तो पाण्यात विरघळतो, आणि कारखान्याच्या सांडपाण्यात बहुतेक वेळा हाच असतो. तिसरं रूप मिथाइल मर्क्युरी: पाऱ्याला कार्बनचा एक छोटा गट चिकटलेला. हे सगळ्यात घातक, कारण ते अन्नातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं, मेंदूत शिरतं आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतं.

चौथं रूप आपल्याकडे वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पारा आणि गंधक खलात घोटत राहिलं की काळी पूड होते, ती कज्जली. खाडीच्या काळ्या, सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या चिखलात हीच रसायनक्रिया आपोआप चालू असते. तिथे सल्फाइड पाऱ्याला पकडतं आणि बराचसा पारा काळ्या मर्क्युरिक सल्फाइडच्या रूपात गाळात बसून राहतो. जुना, पक्का झालेला सल्फाइड बऱ्यापैकी निरुपद्रवी असतो. ताजे, अतिसूक्ष्म कण मात्र जिवाणूंच्या हाती लागू शकतात.

मिथाइल मर्क्युरी येते कुठून?

हा भाग बातम्यांत सहसा येत नाही. निसर्गातली बहुतेक मिथाइल मर्क्युरी जिवाणूच बनवतात.

स्वीडनमध्ये येन्सेन आणि येर्नेलोव्ह यांनी १९६९ साली दाखवलं की तळ्याच्या गाळातले सूक्ष्मजीव साध्या पाऱ्यापासून मिथाइल मर्क्युरी तयार करतात. हे काम करणारे जिवाणू प्राणवायू नसलेल्या जागी राहतात. त्यात सल्फेटवर जगणारे असतात, लोहावर जगणारे असतात, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीवही असतात. २०१३ साली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने त्यामागची दोन जनुकं शोधली, एचजीसीए आणि एचजीसीबी. ही जोडी असेल तर तो जीव मिथाइल मर्क्युरी बनवू शकतो, नसेल तर नाही. आता गाळाचा नमुना आणून त्यात ही जनुकं आहेत का, हे थेट तपासता येतं.

म्हणजे पाण्यातल्या पाऱ्याच्या बाबतीत जिवाणू दोन्ही बाजूंना उभे आहेत. "जिवाणू पारा काढतात का?" असं विचारण्याआधी "कोणते जिवाणू, कुठल्या पाण्यात?" हे विचारावं लागतं.

मिनामाताला हेच झालं होतं का?

पूर्णपणे नाही. हे स्पष्ट करायला हवं, कारण पाठ्यपुस्तकांतही घोळ दिसतो. जपानच्या कुमामोतो प्रांतातल्या मिनामाता इथे चिस्सो कंपनीचा ॲसिटाल्डिहाइडचा कारखाना होता. त्या प्रक्रियेत पारा उत्प्रेरक म्हणून वापरत आणि मिथाइल मर्क्युरी कारखान्यातच तयार होत होती. ती सांडपाण्याबरोबर समुद्रात आणि तिथून माशांत गेली, आणि ते मासे खाणाऱ्यांना मेंदूचा आजार जडला. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली, पण ते उत्पादन थांबायला १९६८ उजाडलं. मधली बारा वर्षं लोक तेच मासे खात होते. माणसांआधी तिथली मांजरं झटके येऊन मेली होती, हे विसरू नये. पुढे १९७७ ते १९९० या काळात उपसागराचा गाळ उपसून सुमारे ५८ हेक्टर जागा भरून काढली. तिथे कामाला आले ते ड्रेजर. जिवाणूंवर काही सोपवलं नव्हतं.

मग पारा "काढणारे" जिवाणू कोणते? ते काय करतात?

त्यांच्याकडे 'मेर' नावाचा जनुकांचा संच असतो. मला आजही त्याचं आश्चर्य वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डीएनएवर मेर-आर नावाचं प्रथिन पहारेकऱ्यासारखं बसलेलं असतं. पारा नसताना ते बाकीची जनुकं बंद ठेवतं. पाऱ्याचा एक आयन येऊन त्याला चिकटला की ते डीएनएला पीळ देतं आणि दार उघडतं. मग मेर-पी हे प्रथिन पेशीच्या बाहेरच्या कप्प्यात पाऱ्याला पकडतं आणि मेर-टीकडे सोपवतं. मेर-टी त्याला आतल्या पडद्यातून पेशीत घेतं. होय, पेशी विष स्वतःहून आत ओढते. चोराला अंगणात मोकळा सोडण्यापेक्षा हाताला धरून सरळ चौकीवर नेण्यातला हा प्रकार आहे. आत मेर-ए हे एन्झाइम वाट पाहत असतं. ते पाऱ्याच्या आयनाला दोन इलेक्ट्रॉन देतं आणि त्याचा पुन्हा मूळ धातू होतो. धातूरूपातला पारा पेशीच्या पडद्यातून सहज बाहेर पडतो आणि वाफ होऊन निघून जातो.

काही जिवाणूंकडे मेर-बी हे आणखी एक एन्झाइम असतं. ते कार्बन आणि पारा यांच्यातला बंध तोडतं, म्हणजे मिथाइल मर्क्युरीचं विष उतरवतं. सुटलेला पारा मग मेर-ए सांभाळतं.

मिथेनवर जगणारे काही जिवाणू वेगळ्याच वाटेने मिथाइल मर्क्युरी मोडतात, हे २०१७ साली प्रसिद्ध झालं. पाण्यात जितका कमी पारा असतो तितक्यातही ते काम करतात. नैसर्गिक पाण्याच्या दृष्टीने मला ही वाट जास्त महत्त्वाची वाटते.

असे जिवाणू मिळतात कुठे?

पाऱ्याचा सहवास असेल तिथे. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याचं. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या नागप्पा रामय्या आणि जयशंकर डे यांनी या शतकाच्या सुरुवातीला भारताच्या किनाऱ्यावरचं पाणी आणि गाळ तपासला. पारा सोसणारे जिवाणू तिथे अपेक्षेपेक्षा खूप जास्त निघाले, आणि त्यातले काही तर लिटरला ५० मिलिग्रॅम पारा असलेल्या माध्यमातही वाढले. त्यात स्यूडोमोनास होते, अल्टेरोमोनास होते, एरोमोनास होते.

याच्या दोन बाजू आहेत. एक म्हणजे उपयोगी जिवाणू आपल्या किनाऱ्यावरच आहेत, परदेशातून मागवायला नकोत. दुसरी म्हणजे ते तिथे वाढलेत, कारण तिथे त्यांना वाढवणारं काहीतरी येतंय. पारा सोसणाऱ्या जिवाणूंची संख्या ही एक प्रकारची तक्रार असते, आणि ती कुणीतरी ऐकायला हवी.

जिवाणू खरंच पारा उडवतोय, हे कळतं कसं?

प्रयोगशाळेत एक जुनी, साधी आणि फार सुंदर पद्धत आहे. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या थाळीत ९६ छोट्या विहिरी असतात. प्रत्येकीत वेगळा जिवाणू आणि थोडं पाऱ्याचं क्षारद्रव्य घालायचं. मग डार्करूममध्ये त्यावर एक्स-रेची कोरी फिल्म ठेवायची, वरून वजन ठेवायचं आणि काही तास तशीच राहू द्यायची. ज्या विहिरीतला जिवाणू पाऱ्याची वाफ करतो, तिच्या बरोबर वर फिल्मवर काळा ठिपका उमटतो, कारण ती वाफ फिल्ममधल्या चांदीच्या क्षारावर काम करते.

मी पहिल्यांदा ही फिल्म धुतली तेव्हा लाल दिव्यात ओल्या फिल्मवर एकेक गोल ठिपका वर येताना पाहिला. खाडीच्या चिखलातून आणलेल्या अकरा जिवाणूंपैकी चार ठिपके गडद, दोन अगदी फिकट, बाकीच्या जागा कोऱ्या. इतकी वर्षं झाली, पण ती फिल्म मी जपून ठेवली आहे.

त्याच ठिपक्यांनी मला एक गोष्ट शिकवली. फिल्म काळी झाली, म्हणजे पारा विहिरीतून उठून फिल्मपर्यंत आला. फिल्म नसती तर तो खोलीच्या हवेत, माझ्या श्वासात आला असता.

मग वाफ होऊन हवेत गेलेल्या पाऱ्याचं काय? हे तर एका घरचं दुसऱ्या घरी ढकलणं झालं!

अगदी बरोबर, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनापासून दाद देते. हवेत गेलेला पारा काही महिने वाऱ्याबरोबर फिरतो, आयनात बदलतो आणि पावसाबरोबर पुन्हा जमिनीवर, पाण्यात येतो. म्हणून उघड्यावर पारा उडवणं ही सफाई नाही. सफाई व्हायची तर वाफ किंवा धातू पकडून ठेवणारी बंदिस्त यंत्रणा हवी.

अशी यंत्रणा कुठे चालली आहे का?

हो, जर्मनीत. ब्राउनश्वाइगच्या संशोधन संस्थेतल्या इरेन वाग्नर-डोब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेबाहेर काढलं. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत पाऱ्याचा इलेक्ट्रोड असायचा, त्यामुळे त्यांच्या सांडपाण्यात पारा येत असे. अशाच एका कारखान्यात त्यांनी ७०० लिटरची टाकी बसवली. टाकीत सच्छिद्र भरण, आणि त्यावर पारा सोसणाऱ्या स्यूडोमोनास जिवाणूंचा थर. हे जिवाणू निसर्गातून वेचलेले होते, त्यांच्या जनुकांत कुणी फेरफार केला नव्हता. सांडपाण्याचं आम्ल आधी उदासीन करायचं, जिवाणूंना खायला साखर आणि यीस्टचा अर्क द्यायचा आणि पाणी सतत टाकीतून सोडायचं.

जिवाणूंनी आयनाचा धातू केला, पण तो उडाला नाही. बंद टाकीत, जिवाणूंच्या चिकट थरात त्याचे बारीक थेंब साचत गेले. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी पारा उरला. पुढे सक्रिय कोळशाचा फिल्टर जोडल्यावर तो १० मायक्रोग्रॅमच्या खाली गेला. भारतात नदी-तलावात सोडायच्या सांडपाण्याला लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १० मायक्रोग्रॅमचीच मर्यादा आहे.

माझ्या मते पारा काढण्यासाठी जिवाणूंचा सगळ्यात सरळ आणि प्रामाणिक उपयोग हाच: पाइपच्या तोंडाशी, बंद टाकीत, पाणी नदीला मिळण्याआधी.

सेप्टिक टँकसाठी मिळतात तशी जिवाणूंची पाकिटं नदीत किंवा तळ्यात टाकली तर?

टाकू नका. कुणी विकायला आलं तर त्याला आकडे विचारा. आकडे नसले तर पुढचा हिशेब दाखवा.

कोडाईकनालचं तळं घ्या. तिथला थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हैदराबादमधल्या प्रयोगशाळेने नंतर तळ्याचं पाणी तपासलं, तेव्हा त्यात लिटरला ३५६ ते ४६५ नॅनोग्रॅम पारा मिळाला. स्वच्छ तळ्याच्या मानाने हे खूपच जास्त. आता दहा हजार लिटरचा टँकर त्या पाण्याने भरला, तर त्यात पारा किती? सुमारे चार मिलिग्रॅम. एका थर्मामीटरइतका, म्हणजे साधारण एक ग्रॅम पारा बाहेर काढायला असे अडीचशे टँकर पूर्णपणे साफ करावे लागतील. गोव्याचे जिवाणू ज्या पाण्यात तग धरत होते त्यात लिटरला पाच कोटी नॅनोग्रॅम होते, इथे चारशे. इतक्या विरळ पाण्यात मेर-आरचा पहारेकरी नीट जागा होत नाही, आणि पाऱ्याचं यंत्र चालवण्यात जिवाणूला फायदाही नसतो. बाहेरून आणलेले जिवाणू तिथल्या स्थानिक जिवाणूंपुढे काही दिवसांत हरतात, आदिजीव त्यांना खाऊन टाकतात.

शिवाय पारा पाण्यात कमी आणि गाळात जास्त असतो. वरून टाकलेलं पाकीट तिथवर पोचतच नाही.

आणखी एक धोका. मेर जनुकं बहुतेक वेळा डीएनएच्या उड्या मारणाऱ्या तुकड्यांवर असतात, आणि त्याच तुकड्यांवर प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही सापडतात. अशा जिवाणूंची पोती नदीत ओतणं शहाणपणाचं नाही.

म्हणजे उघड्या, नैसर्गिक पाण्यात जिवाणूंचा काहीच उपयोग नाही?

आहे, आणि तो फार हुशारीचा आहे. फक्त तिथे नवे जिवाणू आणायचे नसतात. जे आहेत त्यांचं वागणं बदलायचं असतं.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूस शहराला लागून ओनोंडागा तलाव आहे. १९४६ ते १९७० या काळात काठावरच्या रासायनिक कारखान्यांतून त्यात सुमारे ७५ टन पारा गेला. घाणीमुळे तिथे पोहायला १९४० मध्येच बंदी आली होती, पाऱ्यामुळे १९७० मध्ये मासेमारीवरही आली.

या तलावात उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि तळाचं गार पाणी एकमेकांत मिसळत नाही. तळाशी प्राणवायू संपतो. अशा वेळी जिवाणू श्वासासाठी दुसरं काहीतरी शोधतात, आणि त्यांची पसंती ठरलेली असते. आधी प्राणवायू, तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, आणि ते सरलं की सल्फेट. सल्फेटवर गाडी आली की मिथाइल मर्क्युरी बनवणाऱ्यांचं राज्य सुरू होतं.

२००४ साली शहराच्या मैलापाणी केंद्रात सुधारणा झाली. अमोनियाचं नायट्रेट होऊन ते तलावात जाऊ लागलं. त्यानंतर तळाच्या पाण्यातली मिथाइल मर्क्युरी उतरली. पाऱ्यासाठी केलेलं हे काम नव्हतंच, पण तिथल्या शास्त्रज्ञांच्या ते लक्षात आलं. मग २०११ पासून उन्हाळ्यात एका तराफ्यावरून नळी खाली सोडून तळाच्या पाण्यात मुद्दाम कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण सोडायला सुरुवात झाली. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार ठिबकमधून देतात तेच हे खत. द्रावण वर उसळूही नये आणि गाळात रुतूही नये म्हणून ते तलावाच्याच पाण्यात मिसळून हवं तेवढं हलकं करतात. तळाशी नायट्रेट शिल्लक असेपर्यंत जिवाणू सल्फेटकडे वळत नाहीत, आणि मिथाइल मर्क्युरी फारशी बनत नाही. तळाच्या पाण्यातलं तिचं प्रमाण खूप खाली आलं.

"खत टाकलं तर शेवाळ नाही वाढणार?" हा पुढचा प्रश्न असतो. त्या तलावात शेवाळाला कमी पडतो तो फॉस्फरस, नायट्रेट नाही. उलट तळाशी नायट्रेट असलं की गाळातून फॉस्फरस सुटणंही कमी होतं. पण हे त्या तलावापुरतं खरं. आपल्या प्रत्येक तळ्याला हाच नियम लावून चालणार नाही, आधी वर्षभर मोजमाप करावं लागेल.

हेही सांगते की ओनोंडागात फक्त नायट्रेटवर भिस्त ठेवली नव्हती. २०१२ ते २०१४ मध्ये दूषित गाळ मोठ्या प्रमाणावर उपसला आणि २०१६ पर्यंत राहिलेल्या भागावर स्वच्छ वाळूचे थर घातले.

पाण्यातला एकूण पारा कमी झाला की मासे आपोआप सुरक्षित होतात ना?

नाही. ओक रिजच्या ईस्ट फोर्क पॉप्लर ओढ्याने हे फार खर्चिक पद्धतीने शिकवलं. हायड्रोजन बाँबसाठी लिथियम वेगळं करताना तिथे पन्नासच्या दशकात आणि साठच्या सुरुवातीला प्रचंड पारा वापरला गेला, आणि त्यातला बराच ओढ्यात गेला. नंतर अनेक वर्षं खपून पाण्यातला एकूण पारा खूप कमी केला, पण माशांतला पारा त्या प्रमाणात उतरला नाही. माशात जाते ती मिथाइल मर्क्युरी, आणि ती बनवायला गाळातल्या जिवाणूंना थोडासा पाराही पुरतो.

कोडाईच्या तळ्याचं पाणी पुन्हा आठवा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे हजार नॅनोग्रॅम पारा चालतो. त्या तळ्याचं पाणी या मर्यादेच्या आत होतं. पण एकूण पाऱ्यातले सुमारे ५० नॅनोग्रॅम मिथाइल रूपात होते, आणि पाण्यातून शेवाळ, शेवाळातून किडा, किड्यातून छोटा मासा, छोट्यातून मोठा असं वर चढत मिथाइल मर्क्युरी लाखो पटींनी साठते. म्हणून "पाणी पास झालं" एवढ्यावर समाधान मानू नका. अहवालात मिथाइल मर्क्युरी आणि मासे यांचे आकडे मागा.

पारा येणं थांबलं तर तळं स्वतःहून सुधारतं का? किती वर्षांत?

कॅनडातल्या ओंटारिओमधल्या '६५८' क्रमांकाच्या तळ्यात शास्त्रज्ञांनी सात वर्षं पाऱ्याचे खास समस्थानिक मोजून-मापून सोडले, म्हणजे नवा पारा आणि जुना पारा वेगळा ओळखता येईल. मग सोडणं थांबवलं. पुढच्या आठ वर्षांत त्या नव्या पाऱ्याची मिथाइल मर्क्युरी एका जातीच्या माशांत ३८ टक्के तर दुसरीत ७६ टक्के उतरली. वरून येणारा पारा तोडला तर फरक पडतो, आणि तो माणसाच्या हयातीत दिसतो. मला यातून खूप धीर येतो. पण जिथे गाळातच टनांनी पारा साठला आहे, तिथे असा वेग मिळत नाही.

जनुकांत बदल केलेले जिवाणू?

झाले आहेत. २०११ साली प्वेर्तो रिकोतल्या गटाने ई. कोलाय जिवाणूत उंदराचं मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनाचं जनुक घातलं. हा जिवाणू पारा उडवत नाही, आपल्या अंगात बांधून ठेवतो, म्हणून मला ती कल्पना जास्त आवडते. पारा पिऊन जड झालेले जिवाणू गाळून काढता येतात. त्याआधी, २००० मध्ये, किरणोत्सर्गातही जगणाऱ्या डायनोकॉकस जिवाणूत मेर-ए घातलं गेलं होतं. भारतात असे जीव उघड्यावर सोडायला १९८९ च्या नियमांनुसार जीईएसी या केंद्र सरकारच्या समितीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. बंद टाकीत वापरायचे असतील तर निसर्गातले जिवाणू पुरेसे काम करतात, हे जर्मनीत दिसलंच.

महाराष्ट्रात पाऱ्याचा प्रश्न आहे का?

ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर समुद्रविज्ञान संस्थेचा अभ्यास १९८१ सालीच प्रसिद्ध झाला होता. क्लोरीन-कॉस्टिक कारखान्यांनी पाऱ्याची जुनी पद्धत सोडून पारा न लागणारी, पातळ पडद्याची पद्धत घेतली, ही मोठी सुधारणा आहे. भारताने २०१८ मध्ये पाऱ्यावरच्या मिनामाता करारालाही मान्यता दिली. पण गाळ विसरत नाही. खाडीत पूल, जेट्टी, भराव यासाठी तळ खणताना जुना पारा पुन्हा पाण्यात ढवळला जातो, आणि खारफुटीखालचा प्राणवायू नसलेला चिखल म्हणजे मिथाइल मर्क्युरीची भट्टीच. खणण्याआधी गाळाचे थर तपासले गेलेत का, हे विचारायचा हक्क खाडीकाठच्या प्रत्येकाला आहे. त्यातही कोळीवाड्यांना आधी.

मग मासे खायचे की नाही?

खायचे. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील असे छोटे, कमी जगणारे मासे साधारणपणे कमी पारा साठवतात. मुशीसारखे, तलवार माशासारखे मोठे आणि दीर्घायुषी शिकारी मासे जास्त साठवतात. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी ते टाळावेत. धुऊन, आमसूल लावून, तळून किंवा उकळून पारा जात नाही, कारण तो मांसातल्या प्रथिनांनाच चिकटलेला असतो. शरीरात गेलेल्या मिथाइल मर्क्युरीतली निम्मी बाहेर पडायला साधारण पन्नास दिवस लागतात, म्हणून खाणं बदलल्याचा फायदा काही महिन्यांत होतोच.

घरात थर्मामीटर फुटला तर?

जिवाणूंचं इथे काम नाही. खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात लावू नका. जाड कागदाने थेंब एकत्र करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून घातक कचरा म्हणून द्या. मोरीत ओतू नका.

आम्हाला कॉलेजच्या प्रकल्पासाठी पारा सोसणारे जिवाणू शोधायचे आहेत. करू का?

करा, पण तुमच्या विभागात चालू स्थितीतला फ्यूम हूड आणि पाऱ्याचा कचरा उचलणारी अधिकृत सोय असेल तरच. मर्क्युरिक क्लोराइड वजन करताना हातमोजे आणि मास्क हवेतच, आणि तयार द्रावणाच्या बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहायचं. गाळाचा नमुना ओहोटीच्या वेळी घ्या, बाटली काठोकाठ भरा म्हणजे हवा राहणार नाही.

एक चूक मात्र मी स्वतः विद्यार्थिदशेत होताना पाहिली आहे, ती तुम्ही करू नका. जिवाणू वाढवलेल्या प्लेट वापरून झाल्या की आपण सवयीने ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, टाकतो. पारा असलेल्या प्लेट तिथे टाकल्या, तर १२१ अंशाला पाऱ्याची वाफ होते आणि झाकण उघडताना ती थेट तोंडावर येते. त्या प्लेट वेगळ्या, झाकणाच्या डब्यात, लेबल लावून ठेवायच्या, आणि त्या डब्याची चावी प्रयोगशाळेतल्या सेवकदादांकडे देण्याआधी आत काय आहे ते त्यांना समोर बसवून समजावून सांगायचं.